रेग्युलेटर घ्यायला किती आणि पोसायला किती?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वैनगंगेकाठच्या एका गावात पोरांनी बचाव पथक उभं केलं. पोहणारे ढिवर समाजातले तरबेज गडी, त्यातल्या दोघांनी समुद्रकाठी जाऊन डायव्हिंगचं रीतसर प्रशिक्षणही घेतलं. वर्गणी आणि एका देणगीदाराचे पैसे मिळून दीड लाख जमले. ओळखीतला एक माणूस चार जुने रेग्युलेटर सेट (सिलिंडरातली हवा श्वासाजोगी करून तोंडाशी देणारी यंत्रं) प्रत्येकी १२ हजारांत देतो म्हणतो. नवा घेतला तर एकच सेट ५५ हजारांना. दहा वर्षांत कोणता सौदा स्वस्त पडेल? आणि दरवर्षीची सर्व्हिसिंग खरंच लागते, की तो दुकानदारांचा धंदा आहे?

भाऊ, तुम्ही जुनं की नवं असं विचारलंत. मी उलटा प्रश्न करतो: सेट किती ठेवणार? दहा वर्षांचा खर्च सगळ्यात जास्त त्यावर ठरतो. बैल घेताना आपण बाजारात दात पाहतो, पण वर्षभर कुटार किती लागेल याचा हिशेब घरूनच करून निघतो. रेग्युलेटरचं कुटार म्हणजे सर्व्हिस किट (बदलायच्या रबरी-प्लास्टिकच्या भागांचा संच), मजुरी, होज म्हणजे हवेच्या नळ्या, आणि पार्सलचं भाडं. ते त्याला पाण्यात उतरवलं तरी लागतं आणि खोक्यात ठेवलं तरी लागतं.

मी अकरा वर्षं मालवण आणि अंदमानात रेग्युलेटर दुरुस्तीचं काम केलं, दोन कंपन्यांचे तंत्रज्ञांचे वर्ग केले आणि मग पवनीकडे घरी परतलो. आता आसपासच्या जिल्ह्यांतल्या काही पथकांचं सामान माझ्या टेबलावर येतं. खाली जे आकडे देतो ते माझ्या हातून गेलेल्या बिलांवरून धरलेले आहेत. तुमच्याकडे हजार-पाचशे इकडेतिकडे होतील, गणित बदलणार नाही.

एक सेट म्हणजे सिलिंडरवर बसणारी एक फर्स्ट स्टेज, तोंडात धरायची एक सेकंड स्टेज, सोबत्यासाठी दुसरी म्हणजे ऑक्टोपस, एक प्रेशर गेज आणि जॅकेटमध्ये हवा भरायची नळी. पूर्ण सर्व्हिसला किट, मजुरी आणि पार्सल धरून ७,००० रुपये. मधल्या वर्षी नुसती तपासणी, १,५००. चारही होज बदलायचे झाले तर ८,०००.

आता जुने चार सेट घेऊन पाहू. खरेदी ४८,०००. त्यांचा मागचा इतिहास कुणालाच माहीत नाही, म्हणून चारही लगेच उघडून सर्व्हिस करायचे, २८,०००. होजचं वय माहीत नाही, तेही बदलायचे, ३२,०००. पाण्यात पाय टाकायच्या आत १,०८,००० गेले. पुढे दर दोन वर्षांनी सर्व्हिस, म्हणजे आणखी चारदा, १,१२,०००. मधल्या पाच वर्षांच्या तपासण्या ३०,०००. होज मध्येच एकदा पुन्हा, ३२,०००. दहा वर्षांचे झाले २,८२,०००.

नवे दोन घेतले तर खरेदी १,१०,०००, चार सर्व्हिस ५६,०००, पाच तपासण्या १५,०००, होज एकदा १६,०००. एकूण १,९७,०००.

इथं कुणी हुशार गडी म्हणेल, एका सेटमागे काढलं तर जुना ७०,५०० ला पडला आणि नवा ९८,५०० ला, म्हणजे जुनाच स्वस्त झाला की! बरोबर आहे, मी नाकारत नाही. जुन्या रेग्युलेटरशी माझं वैर नाही, माझा स्वतःचा सेट वीस वर्षांपेक्षा जुना आहे. हे यंत्र मुळात साधं आहे. १९४३ मध्ये कुस्तो आणि गान्यां या दोघांनी फ्रान्समध्ये जे बनवलं, त्याची सुरुवातच युद्धकाळात गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी केलेल्या एका झडपेतून झाली होती. पितळेचा सांगाडा माणसापेक्षा जास्त टिकतो. संपतं ते आतलं रबर आणि प्लास्टिक. म्हणून जुन्याचा सौदा एकाच अटीवर स्वस्त आहे: त्या मॉडेलचं किट आज भारतात मिळतं का? मिळत नसेल तर १२ हजारांत तुम्ही पेपरवेट घेतलं. चार सेट चार कंपन्यांचे असतील तर चार प्रकारची किट, चार वेगळे पाने, आणि एकाचा पार्ट दुसऱ्याला चालत नाही. दान म्हणून आलेल्या सामानाची हीच गत होते. कोणी एक देतो, कोणी दुसरा देतो, आपण नाही म्हणत नाही, आणि तीन वर्षांत कपाट भरलेलं असतं पण भरवशाचा एकही नसतो.

मग लागतात किती? शोधमोहिमेत एक गडी पाण्यात असतो आणि दुसरा काठावर पूर्ण तयार बसलेला असतो, जॅकेट घालून, रेग्युलेटर छातीवर लटकलेला. दोरी धरणारा तिसरा, त्याला रेग्युलेटर लागत नाही. म्हणजे दोन. पण त्यातला एक सर्व्हिसला गेला आणि त्याच आठवड्यात बोलावणं आलं तर काठावरचा माणूस नुसता बघत बसेल. म्हणून तीन. चौथा सेट फक्त फोटोपुरता.

माझं मत विचाराल तर दोन नवे, एकाच मॉडेलचे घ्या. त्या जुन्या चारांत एखादा त्याच कंपनीचा आणि तीच किट लागणारा निघाला तर तो तिसरा म्हणून उचला. १,१०,००० अधिक १२,०००, त्या जुन्याची सर्व्हिस ७,००० आणि होज ८,०००, असे १,३७,००० होतात. १३ हजार उरतात. त्यातून सगळ्यात आधी एक इंटरमीजिएट प्रेशर गेज घ्या, आम्ही त्याला आयपी गेज म्हणतो. ते कसं वापरायचं ते पुढे सांगतो.

पुढचा आकडा देणगीदाराला आजच दाखवा. खरेदी सोडून तीन सेटांना वर्षाला सरासरी १३ हजार लागतात. माउथपीस, टाय, लहानसहान ओ-रिंग (हवा गळू न देणाऱ्या रबरी कड्या) धरून १५ म्हणा. दहा वर्षांत कधी तरी मिळतील असे हे पैसे नाहीत, दरवर्षी होळीच्या आत हातात पाहिजेत. सिलिंडरवर नाव रंगवायला लोक आनंदानं पैसे देतात. ओ-रिंगवर नाव लिहिता येत नाही, म्हणून तिच्यासाठी कुणी देत नाही. ग्रामपंचायतीकडून किंवा मच्छीमार संस्थेकडून हे १५ हजार लेखी कबूल करून घेता आले नाहीत, तर तीनऐवजी दोनच सेट घ्या आणि उरलेले पैसे बँकेत ठेवा.

आता सर्व्हिस हा धंदा आहे का. थोडा आहे. पूर्वी सरसकट वर्षाला एकदा पूर्ण उघडायचं असं सांगत. आता स्कूबाप्रोसारख्या कंपन्या दोन वर्षं किंवा १०० डाइव्ह (बुड्या), जे आधी येईल ते, आणि मधल्या वर्षी तपासणी असं म्हणतात. ॲटॉमिक ही कंपनी दोन वर्षं किंवा ३०० डाइव्ह म्हणते. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत जे असेल ते धरा. आपल्याकडे पथकाच्या वर्षाला फार तर वीस डाइव्ह होतात: पोळ्याला तलावावर बैल धुताना गेलेलं पोर, गणपती आणि देवीचं विसर्जन, धुळवडीला पार्टी करून नदीत उतरलेले, आणि पावसाळ्यातले पूर. शंभराचा आकडा आपण कधी गाठतच नाही. आपल्याला लागू पडतं ते कॅलेंडर. रबराचं वय डाइव्ह मोजत नाही, कपाटात पडूनही ते कडक होतं.

पण दरवर्षी पूर्ण उघडणंही मला पटत नाही. प्रत्येक वेळी उघडलं की चूक व्हायची एक संधी मिळते. माझ्याकडे तक्रारीचे जे सेट येतात, त्यांतले बरेच नुकतेच सर्व्हिस होऊन आलेले असतात. सर्व्हिसहून आलेला सेट थेट मोहिमेवर नेऊ नका. आधी गावच्या तलावात कमरेइतक्या पाण्यात, मग खोल, असे दोन-तीन डाइव्ह करून घ्या.

एकदा मी स्वतः फसलो. अंगावर ताप होता म्हणून माझेच दोन सेट बाहेर पाठवले. परत आले ते चकाचक, बिलही चकाचक. महिन्याभरात एकाची हवा आपोआप सुटायला लागली. उघडून पाहतो तर सीट (झडप जिच्यावर टेकून हवा अडवते तो लहान भाग) जुनीच, तिच्यावर वर्षानुवर्षांची खाच. नुसतं पॉलिश करून दिलं होतं. तेव्हापासून मी कुणाचंही काम केलं की काढलेले जुने भाग पुडीत बांधून परत देतो, आणि दुसऱ्याकडे पाठवताना पुडी मागतो. तुम्हीही पार्सलमध्ये चिठ्ठी टाका: जुने भाग परत पाहिजेत, आणि सर्व्हिसनंतरचा दाब किती ठेवला तो आकडा लिहून पाहिजे.

‘आजीवन मोफत पार्ट’ ही योजना ऐकून नवा सेट महाग घेऊ नका. मोफत असतं ते किट, मजुरी तुमचीच. आणि ठरलेल्या तारखा ठरलेल्या दुकानात पाळल्या तरच. आपल्यापासून मालवण हजारेक किलोमीटर. ट्रॅव्हल्सवर पार्सल टाकून पुण्याला, तिथून पुढे, असा प्रवास. एक तारीख चुकली की योजना संपली.

आता ते गेज. सिलिंडरात दाब २०० बार असतो. फर्स्ट स्टेज तो आजूबाजूच्या पाण्याच्या दाबापेक्षा साधारण ९ ते १० बार जास्त इथपर्यंत उतरवते आणि सेकंड स्टेज तुमच्या श्वासाप्रमाणे पुढे देते. दोनशेला थोपवून धरणारी एचपी सीट, म्हणजे जास्त दाबाकडची सीट, तुरीच्या दाण्याएवढी असते. जॅकेटच्या नळीला गेज लावायचं, सिलिंडर उघडायचं, काटा पाहायचा. पर्ज बटण (सेकंड स्टेजवरचं, दाबलं की हवा सोडणारं) पाच-सहा वेळा दाबून सोडायचं. काटा दर वेळी त्याच आकड्यावर येऊन गप्प बसला तर सीट चांगली. काटा आधी बसतो आणि मग हळूहळू वर सरकत राहतो, तर सीट गेली. आज श्वास नीट येत असेल, पण काही दिवसांत तोंडाशी हवा सुटणार. महिन्यातून एकदा हे पाहून वहीत तारखेसह आकडा लिहायचा. दोन-अडीच हजारांचं हे गेज तुम्हाला सांगतं की सात हजारांची सर्व्हिस आत्ता लागते की तारखेपर्यंत थांबता येईल.

दुसरी चाचणी फुकट आहे. सिलिंडर न लावता फर्स्ट स्टेजवर झाकण घट्ट बसवा आणि माउथपीसमधून हवा ओढा. आली नाही पाहिजे. आली तर उच्छ्वासाच्या झडपेत कचरा अडकलाय किंवा डायफ्रॅम (आतला रबरी पडदा) फाटलाय, आणि पाण्यात तिथूनच घोटघोट पाणी तोंडात येईल. आपल्याकडे दहातल्या आठ वेळा तो कचरा म्हणजे गाळच असतो.

किनाऱ्यावरच्या लोकांचे सल्ले जसेच्या तसे घेऊ नका, ते याच कारणानं. त्यांचा शत्रू मीठ, आपला शत्रू गाळ. गोसेखुर्दच्या फुगवट्यात किंवा पावसाळ्यानंतरच्या वैनगंगेत हातभरापुढचं दिसत नाही. पिस्टनच्या साध्या फर्स्ट स्टेजला बाहेरचं पाणी आत येण्यासाठी भोकं असतात. त्यातून बारीक माती आत जाऊन बसते आणि पिस्टनच्या ओ-रिंगला सॅंडपेपरसारखी घासते. डायफ्रॅमची, बाहेरून सीलबंद फर्स्ट स्टेज असेल तर माती आत शिरतच नाही. ती घेताना थोडी महाग आणि तिच्या किटमध्ये भाग जास्त, तरी आपल्या पाण्याला मी तीच सांगेन. बॅलन्स्ड (सिलिंडरातला दाब उतरला तरी श्वास तसाच देणारी) की अनबॅलन्स्ड यावर दुकानात फार चर्चा होते. आपल्या दहा-पंधरा मीटरच्या कामाला त्याचा फारसा फरक पडत नाही.

मोहिमेनंतर धुणं आलंच. झाकण लावल्याशिवाय फर्स्ट स्टेज पाण्यात बुडवायची नाही, आणि बुडवलेली असताना पर्ज बटण दाबायचं नाही. दाबलं की झडप उघडते आणि घाण पाणी नळीतून उलटं वर चढतं. सेकंड स्टेज मात्र वाहत्या पाण्याखाली दोन्ही बाजूंनी धरून गाळ पूर्ण निघेपर्यंत धुवा.

पाणी कोणतं हेही पाहा. पूर्णेच्या खोऱ्यात, अकोला-अमरावती-बुलडाण्याच्या खारपाणपट्ट्यातल्या एका पथकाचे दोन सेट माझ्याकडे आले होते. पोरं बिचारी दर मोहिमेनंतर इमानदारीनं धुवायची, पण बोअरच्या पाण्यानं. कूलरच्या जाळीवर उन्हाळाभर जो पांढरा थर चढतो, तोच थर सेकंड स्टेजच्या लिव्हरवर आणि नळीच्या जोडावर चढला होता. दाबलं तर करकर वाजत होतं. अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये सौम्य आम्लात सोडून निघाला, पण मजुरी दुप्पट झाली. शेवटचं बुडवणं तरी आरओच्या कॅनच्या पाण्यात करा. एका कॅनमध्ये तिन्ही सेट होतात.

नंतर ऊन. नवतप्यात टिनाच्या खोलीत ठेवलेला होज दोन उन्हाळ्यांत दहा वर्षांचा म्हातारा होतो. जोडाजवळ वाकवून पाहा, बारीक भेगा दिसल्या की बदला. विणीच्या होजना बाहेरून भेगा दिसतच नाहीत. त्यांतल्या काहींचं आतलं अस्तर उष्ण हवामानात कुजून त्याचे कण सेकंड स्टेजमध्ये आल्याचं नोंदलं गेलं आहे. मी साधे रबरीच लावतो, त्यांचं म्हातारपण डोळ्यांना दिसतं. सामान मातीच्या घरात, आतल्या खोलीत, झाकणाच्या डब्यात ठेवा. नळ्या घट्ट गुंडाळायच्या नाहीत. सेकंड स्टेजला बाजूला फिरकी असेल तर ठेवताना ती पूर्ण सैल करा, सीटवरचा ताण उतरतो. डब्याला झाकण म्हणतो ते उंदरांसाठी आणि त्याहून जास्त कुंभारीण माशीसाठी. उघड्या माउथपीसमध्ये तिनं मातीचं घर बांधलेलं मी दोनदा काढलंय. रात्री दोन वाजता बोलावणं आलं आणि कुणी न पाहता तोंडात धरलं तर काय, याचा विचार करा.

गावातल्या मेकॅनिकबद्दल. आपला मोटरवाला पंप डोळे मिटून खोलतो, त्याच्या हाताबद्दल शंका नाही. पण ओ-रिंग काढायला तो टोकदार सुई किंवा पेचकस घेतो आणि पितळेवर एक ओरखडा पडतो. त्या ओरखड्यातून हवा कायमची गळते, मग किट टाकून उपयोग नाही, अख्खी बॉडी बदलावी लागते. पंपाचं ग्रीस तर अजिबात नको. पेट्रोलियमचं ग्रीस काही प्रकारचं रबर फुगवतं, आणि ज्या वाटेनं श्वासाची हवा येते तिथं त्याचं काम नाही. व्हॅसलीन आणि खोबरेल तेलही नको. तुमच्यातल्या एका धीराच्या पोराला कंपनीच्या तंत्रज्ञ-वर्गाला पाठवता आलं तर पाठवा. पण तीन सेटांसाठी तो खर्च निघत नाही. शेजारची चार-पाच पथकं मिळून एकाला पाठवतील तर निघतो.

त्या जुन्या चार सेटांकडे वळू. पैसे देण्याआधी फर्स्ट स्टेजचं झाकण काढून आतलं धातूचं गाळणं उजेडात पाहा. हिरवट असेल तर आत पाणी गेलं होतं आणि पितळ गंजतंय. तांबूस असेल तर लोखंडी सिलिंडरचा गंज आत आलाय. काळं असेल तर कॉम्प्रेसरचं तेल किंवा कोळसा. राखाडी-पांढरी भुकटी असेल तर ॲल्युमिनियमच्या सिलिंडरची. हिरवं किंवा काळं दिसलं तर फुकट दिलं तरी घेऊ नका. जोड डिनचा (आट्यांनी फिरवून बसणारा) की योकचा (वरून कडं आवळून बसणारा) हेही तुमच्या सिलिंडरशी जुळवून घ्या, नाहीतर अडॅप्टरचा खर्च वाढतो. सिलिंडरच्या चाचणीचा हिशेब वेगळा, तो मी यात धरलेला नाही. मात्र सिलिंडरचे नियम पाहणाऱ्या पेसोचं मुख्यालय नागपुरातच आहे, त्यामुळे मान्यताप्राप्त चाचणी केंद्र कोणतं हे विचारायला लांब जावं लागत नाही.

खर्चाशी याचा संबंध नाही, तरी सांगतो. जुन्या विहिरीत उतरताना रेग्युलेटर पाण्यापाशी पोचल्यावर नाही, काठावरच तोंडात धरा. पाण्याच्या वरची हवाच विषारी किंवा प्राणवायू नसलेली असू शकते. आणि पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा श्वासासाठी कधीच नाही, कितीही घाई असली तरी.

चारही जुन्या सेटांच्या फर्स्ट स्टेजचे दोन-दोन फोटो काढून पाठवा: एक गाळण्याचा, उजेडात, आणि एक कंपनीचं नाव, मॉडेल नि सीरियल नंबर दिसेल असा. किट मिळतं की नाही ते दोन दिवसांत सांगतो. तोवर त्या माणसाला इसार देऊ नका.